140 उबिन भातशेती आणि मी

पनवेलचा माझा मावसभाऊ दर दिवाळीला फोन करतो आणि फराळाची चौकशी संपायच्या आत विचारतो, "ताई, तिकडं गुंठा कितीला गं?" त्याला कुठल्याही देशाचं नाव सांगा, तो आधी तिथला गुंठा विचारील. मी दर वर्षी तेच सांगते. बाबा रे, इथं इंडोनेशियात, जावा बेटावरच्या आमच्या गावी, गुंठा नसतो, उबिन असतो. पावणेचार मीटर लांब, पावणेचार मीटर रुंद, म्हणजे 14 चौरस मीटर आणि वर चिमूटभर. सात उबिन झाले की साधारण आपला एक गुंठा. आणि उबिनाचा भाव काही का असेना, मला त्यातला एकही विकत घेता येत नाही.

यंदा तो म्हणाला, "मग गेली तीन वर्षं कसल्या कागदांसाठी धावत होतीस?" म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढू.

मी राजापूर तालुक्यातली. नोकरीसाठी सिंगापूरला गेले, तिथं जावाच्या एका माणसाशी गाठ पडली आणि 2012 साली तिथल्याच विवाह नोंदणी कचेरीत लग्न केलं. इंडोनेशियात नवरा-बायको दोन वेगळ्या धर्मांचे असले की लग्न नोंदवणं जिकिरीचं होतं, म्हणून आमच्यासारखी बरीच जोडपी सिंगापूर गाठतात. पुढं काही वर्षं जकार्तात काढली. कोविडात नवऱ्याचं काम घरून सुरू झालं आणि 2021 मध्ये आम्ही त्याच्या गावी येऊन राहिलो. मध्य जावातला बान्यूमास जिल्हा, पुरवोकर्तो शहराच्या पश्चिमेला, स्लामेत ज्वालामुखीचा दक्षिण उतार. खाली भातखाचरं, वर नारळ, मधून पाटाचं पाणी. पहिल्या पावसात दारात उभी राहिले तेव्हा राजापूर आणि हे गाव यांत फरक एवढाच वाटला, की इथली कौलं वेगळी.

नारळ मात्र इथं खोबऱ्यासाठी नसतो, गुळासाठी असतो. माझ्या नणंदेचा नवरा रोज सकाळी आणि परत संध्याकाळी पंचवीसएक माडांवर चढतो, कमरेला कोयता आणि रस गोळा करायची भांडी लटकवून. रसाला इंडोनेशियन शब्द ‘निरा’. आपलीच नीरा. ती आंबू नये म्हणून भांड्यात आधीच चुना आणि मँगोस्टीनच्या साली टाकून ठेवतात. मग नणंद चुलीवर तीन-चार तास ती आटवत बसते, आणि दाट झाली की बांबूच्या कड्यांमध्ये ओतते. पावसात माड निसरडा होतो. माडावरून पडून गेलेला माणूस या पट्ट्यात गावोगावी आठवणीत असतो, आणि पुढच्या पिढीतलं कुणी माडावर चढायला तयार नाही. तिचा मुलगा पुरवोकर्तोत मोबाइल दुरुस्त करतो.

माझे सासरे 2022 च्या मध्यात गेले. इथं माणूस गेल्यावर तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, मग वर्षाचा आणि शेवटी हजारावा दिवस करतात. सासूबाई, त्यांना आम्ही बियुंग म्हणतो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं की शंभरावा होईपर्यंत जमिनीचं नाव काढायचं नाही. कुणी काढलंही नाही. त्या शंभर दिवसांत मी दुसरीच एक गोष्ट शिकले, ती म्हणजे ‘रेवांग’. कार्य कुणाच्याही घरी असो, वाडीतल्या बायका आपली सुरी घेऊन मागच्या दारानं येतात आणि स्वयंपाकाचा ताबा घेतात. यजमानीण पुढच्या खोलीत बसते. कोण काय करणार हे ठरलेलं असतं. भात शिजवायचा मान सर्वांत जाणत्या बाईचा, तळणं मधल्यांचं, आणि नव्या सुनेला छोटे कांदे सोलायला बसवतात. सातव्या दिवशी मी चार किलो कांदे सोलले. शंभराव्यालाही कांदेच. कोण किती तांदूळ, किती साखर घेऊन आलं याची वही असते, आपल्या आहेराच्या वहीसारखी, आणि ती फेड पुढं वर्षानुवर्षं चालते.

शंभरावा झाल्यावर बियुंगनी खोंग ग्वान बिस्किटांचा जुना लाल डबा उघडला. या देशात घराघरात तो डबा असतो आणि कुठल्याच घरी त्यात बिस्किटं नसतात. आमच्यात घरपट्टी-शेतसाऱ्याच्या पावत्या, एक हिरवी पुस्तिका आणि गावच्या दप्तरातल्या एका पानाची झेरॉक्स निघाली.

हिरवी पुस्तिका म्हणजे घर आणि परसू मिळून 70 उबिनचा मालकी दाखला. 2017 पासून सरकारनं गावंच्या गावं मोजून दाखले द्यायची मोहीम काढली. जावा-बालीत तिची गावपातळीवरची फी दीड लाख रुपिया ठरवली. घाबरू नका, एका रुपयाला साधारण 190 रुपिया पडतात, म्हणजे आठशेच्या आत. त्या मोहिमेत परसवाचा दाखला झाला. 140 उबिनची भातशेती मात्र सासऱ्यांनी मोजू दिली नव्हती. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शेतीचा पुरावा म्हणजे ती झेरॉक्स. तिला ‘लेटर सी’ म्हणतात. वसाहतीच्या काळापासून चालत आलेलं साऱ्याचं दप्तर, गावच्या कचेरीत ठेवलेलं, कुणाकडून किती सारा घ्यायचा हे लिहिणारं. आपल्या सातबाऱ्याची दूरची मावशी म्हणा. सातबारासुद्धा मुळात महसुलाचीच नोंद, पण लोक त्यालाच मालकी समजतात. इथंही तसंच. फक्त 2021 च्या एका सरकारी नियमानं सांगून टाकलं की अशा जुन्या कागदांवरच्या जमिनी पाच वर्षांत, म्हणजे फेब्रुवारी 2026 पर्यंत, नोंदवून घ्या. त्यानंतर हा कागद मालकीचा पुरावा राहणार नव्हता, नुसता एक संदर्भ उरणार होता. म्हणून आमची घाई.

पहिली अडचण नावाची. लेटर सीवर नाव आजेसासऱ्यांचं, पण घरात कुणालाच ओळखू न येणारं. जावात पुरुषाचं लग्न झालं की त्याला नवं, मोठ्या माणसाचं नाव घ्यायची पद्धत होती. दप्तरात लग्नाआधीचं नाव, साऱ्याच्या पावतीवर नंतरचं. शिवाय स्पेलिंग डच वळणाचं. ‘उ’साठी ‘ओ-ई’ लिहायची रीत 1947 साली गेली, ‘च’साठी ‘टी-जे’ लिहायची 1972 साली. कागदांवर एकच माणूस तीन माणसांसारखा दिसत होता. गावच्या चिटणिसाकडून, ज्याला सगळे पाक चारिक म्हणतात, ‘ही सर्व नावं एकाच इसमाची’ असा दाखला घ्यावा लागला. पाक चारिकनी तो लिहायच्या आधी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना बोलावलं. एकानं डोळे मिटून आजेसासऱ्यांची दोन्ही नावं, लग्नाचं साल आणि लग्नात आलेल्या म्हशीचा रंग सांगितला. माझ्या नवऱ्याला तर एकच नाव आहे, आडनाव नाही. भारताच्या व्हिसाच्या अर्जात आडनावाच्या रकान्यापाशी आम्ही दर वेळी अडतो, ती वेगळी कथा.

मग वारसांची बैठक. नवऱ्याची थोरली बहीण, नवरा आणि जकार्ताजवळच्या बेकासीच्या कारखान्यात असलेला धाकटा दीर. जावात वाटणीच्या दोन रीती सांगतात. एक ‘सपिकुल सगेंदोंगान’: मुलगा खांद्यावरच्या कावडीतून दोन ओझी नेतो, मुलगी पाठीवर एकच, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. धर्मशास्त्राशीही ते जुळतं. दुसरी ‘दुंदुम कुपात’, म्हणजे सगळ्यांना सारखं. कुठली घ्यायची ते घर ठरवतं. बियुंग म्हणाल्या, माझं दुखणंखुपणं मुलगी काढते, तिची पाठ काही लहान नाही. घर आणि परसू तिला, भातशेती दोघा मुलांना अर्धी-अर्धी. चहा निवायच्या आत विषय संपला.

मी गप्प होते. माझे वडील गेल्यावर राजापूरच्या दुय्यम निबंधक कचेरीत मी हक्कसोड पत्रावर सही करून आले होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. "तू काय परदेशात, तुला काय करायचंय" एवढंच म्हटलं गेलं, आणि मलाही ते खरं वाटलं. नणंदेच्या वाट्याला घर आलं त्या रात्री मला ती सही आठवली.

बेकासीच्या दिराला शेत नको होतं, पैसे हवे होते. त्यानं तिथं हप्त्यावर घर घेतलंय. त्याचा वाटा आपणच घेऊ, असं नवऱ्यानं ठरवलं. आणि इथून खरी गंमत सुरू झाली.

पहिली गाठ म्हणजे ओळखपत्र. इंडोनेशियाचा 1960 चा जमीन कायदा आणि त्याखालचे 1961 चे नियम यांचा मुद्दा असा की शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात किंवा फार तर लगतच्या तालुक्यात राहायला हवा. लांब बसून शेती ठेवायची नाही. वारसानं मिळाली तरी एका वर्षात इथं राहायला या नाहीतर देऊन टाका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. इथं शेजारी असावं लागतं. नवरा दोन वर्षं गावात राहत होता, पण ओळखपत्रावर अजून जकार्ताचा पत्ता. तो बदलायला दोन महिने गेले. दिराच्या बाबतीत तर हा नियमच त्याला विकायला लावणारा. अर्थात सगळेच तो पाळतात असं नाही. पुरवोकर्तोतल्या डॉक्टरांच्या आणि दुकानदारांच्या शेती गावात आहेत, कुणाकुणाच्या नावावर.

दुसरी गाठ मी.

इंडोनेशियात पूर्ण मालकीला ‘हाक मिलिक’ म्हणतात आणि ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. नवऱ्याला वारसानं आलेला अर्धा वाटा त्याचा स्वतःचा, त्याला माझा स्पर्श नाही. पण दिराचा वाटा विकत घ्यायचा म्हणजे लग्नानंतरच्या कमाईतून, आणि 1974 च्या विवाह कायद्यानं लग्नानंतरची कमाई दोघांची. म्हणजे त्या 70 उबिनांत निम्मी मी आले. परदेशी माणसाकडं हाक मिलिक अशा वाटेनं आली तरी त्यानं वर्षाच्या आत ती सोडायची, नाहीतर जमीन सरकारजमा. माझ्याशी लग्न केल्यानं माझा नवरा स्वतःच्या आजोबांचं शेत सख्ख्या भावाकडून घ्यायला नालायक ठरला होता!

आम्ही ज्या पहिल्या नोतारिसकडं, म्हणजे दस्त-करार करून देणाऱ्या अधिकाऱ्याकडं, गेलो त्यानं डोळा मिचकावून उपाय सांगितला: अर्जात अविवाहित लिहा, कोण बघतंय. आम्ही चहा पिऊन उठलो. गावातल्या एका दलालानं दुसरा सांगितला: नणंदेच्या नावावर घ्या आणि आतून करार करा. बालीत परदेशी लोक असं सर्रास करतात असंही तो म्हणाला. पनवेलच्या भावालाही हाच मार्ग सुचला होता, बेनामीचं ज्ञान जन्मजात असतं. कायद्याचं 26 वं कलम मात्र स्वच्छ आहे. परदेशी माणसाला आडवाटेनं मालकी पोचवणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारची, आणि दिलेले पैसे परत मागायचे नाहीत.

सरळ रस्ता होता, आणि तो एका बाईनं भांडून मोकळा केला होता. पूर्वी नवरा-बायकोची मिळकत वेगळी ठेवण्याचा करार लग्नाआधीच करावा लागे. आम्हाला कुठला माहीत असायला! इके फरिदा या बाईंचा नवरा जपानी. त्यांना स्वतःच्याच देशात फ्लॅट घेता येईना, म्हणून त्या घटना न्यायालयात गेल्या, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये न्यायालयानं सांगितलं की असा करार लग्नानंतर कधीही करता येईल. नोतारिससमोर करायचा, नागरी नोंदणी कार्यालयात नोंदवायचा.

दुसऱ्या नोतारिसबाई कडक होत्या. करार मोठ्यानं वाचून दाखवणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक असतं आणि त्यांनी तो अकरा पानं, एक शब्द न गाळता वाचला. मी कान देऊन ऐकत होते. कायद्याची इंडोनेशियन भाषा मराठी कानाला फार परकी नाही. हाक म्हणजे हक्क. वारिस म्हणजे वारस. साक्सी म्हणजे साक्षी. नवऱ्याला म्हणतात सुआमी, स्वामी. बायकोला इस्त्री, स्त्री. अर्थ असा, की या स्वामीच्या आजच्या आणि पुढच्या स्थावर मिळकतीवर या स्त्रीचा कसलाही हक्क नाही, दोन साक्षींसमक्ष. मी सही केली. हे दुसरं हक्कसोड. पहिल्या वेळी दहा मिनिटं लागली होती आणि कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तुझ्या मनात काय आहे?" मी म्हटलं, "भूक." पुरवोकर्तोत तेव्हा गरम तेंपे मेंदोआन मिळतं, तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पातळ काप पिठात बुडवून अर्धवटच तळलेले, लिबलिबीत. आपल्या लोकांना वाटतं कच्चं राहिलंय. तसंच खायचं असतं, हिरव्या मिरचीचा चावा घेत. सहा खाल्ली.

मोजणीचा दिवस मला सर्वांत जास्त आठवतो. भूमी कार्यालयानं तारीख दिली ती नेमकी सासऱ्यांच्या मृत्यूच्या वाराची. जावात सात वारांच्या आठवड्याबरोबर लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असा पाच दिवसांचा बाजार-आठवडाही चालतो आणि दोन्हींचा मेळ बघून दिवस धरतात. माणूस ज्या जोडवारी गेला तो दिवस घरानं शुभकामाला टाळायचा. सरकारी संगणकाला क्लिवोन कळत नाही. तारीख बदलली तर पुन्हा रांग. मग बियुंगनी पहाटे तांदळाची लाल-पांढरी खीर केली, बांधावर केळीच्या पानावर ठेवली आणि मेलेल्या नवऱ्याशी मोठ्यानं दोन वाक्यं बोलल्या. काय ते मला नीटसं कळलं नाही. बान्यूमासची बोली जकार्ताच्या माणसालाही कळत नाही.

मोजणीदार तरुण होता. हातात जीपीएसचा दांडा, पायात गमबूट. चारी बाजूंचे शेजारी हजर असायला लागतात, पटलं तर सही करतात. पूर्वेचा मालक कालिमंतानात, म्हणजे पार बोर्निओ बेटावर असतो, त्याच्या वतीनं भाऊ आला. हद्दीला आपल्याकडं गडगा असतो किंवा दगड. इथं लाल पानांचं हांजुआंगचं झुडूप लावतात, कारण ते जगतं आणि जागचं हलत नाही. चार कोपऱ्यांत चार झुडपं. तीन सापडली. पश्चिमेच्या कोपऱ्यात झुडूप नव्हतं आणि बांध मधेच पोट काढल्यासारखा आमच्या बाजूला आला होता. मोजणीदारानं यंत्रात बघून सांगितलं: 136 उबिन.

चार उबिन कुठं गेले हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दर नांगरणीला कुदळीची एक रुंदी. आपल्याकडं याला बांध कोरणं म्हणतात आणि राजापूरला एवढ्यावर तीन पिढ्यांचा दिवाणी दावा उभा राहिला असता. पश्चिमेचा शेजारी खाली बघत होता. त्याच्याच बायकोनं सासऱ्यांच्या चाळिसाव्याला आमच्या घरी भात रांधला होता. नवरा आईकडं बघत राहिला. बियुंग म्हणाल्या, "यंत्र म्हणतंय तर एकशे छत्तीस." शेजाऱ्यानं सही केली. आठवड्यानं त्याच्या घरून केळीचा अख्खा घड आला. सासऱ्यांनी मोहिमेत हे शेत का मोजू दिलं नसावं याचा अंदाज मला तेव्हा आला.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात रांगेशिवाय काही नाही. मोजणीचा नकाशा आणि नावं 30 दिवस गावच्या कचेरीत लावून ठेवली, कुणी हरकत घेतली नाही. दिराच्या वाट्याच्या व्यवहारावर त्याला अडीच टक्के कर, आम्हाला पाच टक्के, त्यातही ठरावीक रकमेपर्यंत सूट. वारसानं येणाऱ्या मिळकतीची सूट निदान 30 कोटी रुपिया आहे हे ऐकून पनवेलला फोनवर खुर्ची पडल्याचा आवाज आला. ते आपले सोळाएक लाख. दिराला द्यायच्या रकमेसाठी आम्ही कर्ज घेतलं. इथं बँकेत जमिनीचा दाखला तारण ठेवला की लोक म्हणतात, दाखला ‘शाळेत घातलाय’. पुरवोकर्तोला ही शाळा जुनी आहे; इंडोनेशियाची सर्वांत मोठी ग्रामीण बँक 1895 साली याच गावात सुरू झाली, सावकारी पाशातल्या लोकांना कर्ज द्यायला. आमचा मात्र परसवाचा दाखला नणंदेचा, म्हणून शेताचा होईपर्यंत थांबून तोच शाळेत घातला.

2024 च्या अखेरीस दाखला आला. बियुंग हिरव्या पुस्तिकेची वाट बघत होत्या. आता इलेक्ट्रॉनिक दाखला असतो: एकच कागद, कोपऱ्यात क्यूआर कोड. त्यांनी तो उलटा करून पाहिला. "एवढंच?" मग बँकेत द्यायच्या आधी त्याची झेरॉक्स काढून लाल डब्यात ठेवली, लेटर सीच्या वर आणि माझ्या कराराच्या प्रतीच्या खाली.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर, आकड्यांत. शेत 136 उबिन, म्हणजे एकोणीसच्या आसपास गुंठे. चांगल्या हंगामात टनभर ओलं भात होतं. सरकारनं 2025 साठी खरेदीभाव किलोला 6500 रुपिया ठरवला, म्हणजे टनाचे 65 लाख. आम्ही शेत ‘मारो’नं दिलंय, निम्मं कसणाऱ्याचं. वर्षाला दोन पिकं धरली तर आमच्या हातात 65 लाख, म्हणजे चौतीसएक हजार रुपये, तेही उंदरांनी आणि तुडतुड्यांनी सोडलं तर. बान्यूमास जिल्ह्यात 2025 चं किमान वेतन महिन्याला 23 लाखांच्या वर. दिराच्या बेकासीत 56 लाखांच्या वर. आमच्या शेताचं वर्ष म्हणजे त्याच्या महिन्याहून जरासं जास्त. अशा शेतकऱ्याला इंडोनेशियात ‘पतानी गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक उवा. 2023 च्या शेती गणनेत अर्ध्या हेक्टरच्या आतली अशी 1 कोटी 69 लाखांच्या आसपास कुटुंबं निघाली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त. कायद्यात 1960 पासून लिहिलंय की शेतकरी कुटुंबाकडं किमान दोन हेक्टर असावी.

आणि भाव वाढेल म्हणून धरून ठेवावी, तर पाटाखालची भातशेती सरकारनं राखीव नकाशात घातलीय, तिचे प्लॉट पाडता येत नाहीत. रस्त्याकडेच्या कोरडवाहू जमिनींचे पडतात, ‘काव्लिंग’ म्हणून फलक लागतात. परदेशी माणसाला वापर-हक्कानं घर घेता येतं, पण त्या घराला प्रांतवार किमान किंमत ठरलेली आहे, आणि आमच्या गावातलं एकही घर तिच्या जवळपास नाही. मोठी घरं आहेत, फरशीची, खांबांची, तैवान-हाँगकाँगला कामाला गेलेल्या बायकांनी आणि जकार्ताला गेलेल्या पुरुषांनी बांधलेली. वर्षभर कुलूप, ईदला आठ दिवस दिवे. चाकरमानी आणि गणपती. मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आमच्या दाराच्या चौकटीला एक प्लास्टिकचा पेला टांगलेला आहे. रोज संध्याकाळी त्यात मूठभर तांदूळ टाकायचे, रात्री गस्तीची मुलं ते गोळा करत जातात, महिन्याला विकून वाडीच्या खात्यात पैसे भरतात. याला ‘जिंपितान’ म्हणतात. पेल्यावर घराचा क्रमांक असतो, नाव नसतं. आमच्या पेल्यावर कुणीतरी मार्करनं ‘बु इंडिया’, म्हणजे इंडियाबाई, लिहून ठेवलंय. एकदा आठवडाभर मी पुण्याला लग्नाला गेले होते, तेव्हा मुलांनी नवऱ्याला विचारलं, पेला रिकामा का.

सासऱ्यांचा हजारावा दिवस 2025 मध्ये झाला. रेवांगला बायका आल्या, मी सवयीनं कांद्यांकडं वळले. पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या बायकोनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि झारा दिला. मेंदोआन मी तळले. पहिला घाणा जास्तच तळला गेला, कुरकुरीत, मराठी. त्यावर दुपारभर हसल्या.

शेत कसणारा माणूस 63 वर्षांचा आहे. त्या दिवशी जेवणाचा बांबूचा डबा घरी न्यायला उठला तेव्हा नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, गुडघे चालत नाहीत, पुढच्या लावणीला दुसरा माणूस बघा. त्याची दोन्ही मुलं चिकारांगला कारखान्यात आहेत. नवऱ्यानं पाक चारिकना विचारलं, पाटकऱ्याला विचारलं, पलीकडच्या दोन वाड्यांत निरोप पाठवले. दाखला झाला, कर्जाचे हप्ते सुरू आहेत, माणूस अजून मिळालेला नाही.